वर्षाचा हिशेब आणि लक्ष्यांकाचा हट्ट

सरत्या वर्षाकडे मागे वळून पाहणे आणि येणाऱ्या वर्षासाठी मनाशी काही ठरवणे ही माणसाची जुनी आणि चांगली सवय आहे; पण गेल्या दोन-तीन दशकांत एका विशिष्ट मताने या सवयीचा असा ताबा घेतला आहे, की वर्षाचा विचार दुसऱ्या कोणत्या रीतीने करता येतो याचाच सुशिक्षित मराठी घरांना विसर पडू लागला आहे. डिसेंबरअखेरच्या पुरवण्या, कंपन्यांमधील कार्यशाळा, व्यक्तिमत्त्वविकासाचे वर्ग आणि पानोपानी कोष्टके छापलेल्या रोजनिश्या हे सारे तेच एक मत निरनिराळ्या शब्दांत सांगत असतात, आणि आता शाळकरी मुलांकडूनही नव्या वर्षाची ध्येये तक्त्यात भरून घेतली जातात.

ते मत असे आहे. वर्ष हे माणसाच्या हाती दिलेले भांडवल आहे आणि त्यातून त्याने काय कमावले हे त्याला आकड्यांत दाखवता आले पाहिजे. ज्या ध्येयाला आकडा आणि तारीख नाही, ते ध्येय या नावाला पात्रच नाही. ध्येय कागदावर उतरवले की ते साध्य होण्याची शक्यता अनेक पटींनी वाढते, हे म्हणे शास्त्राने सिद्ध केलेले आहे. साध्य झाले नाही तर दोष शिस्तीचा असतो, आणि परिस्थितीचे नाव घेणे ही सबब असते. एका दिवसाचा खंड पडला तरी सगळे मुसळ केरात जाते. हे मत इतक्या आत्मविश्वासाने सांगितले जाते, की ऐकणाऱ्याला ते सनातन सत्य वाटावे. प्रत्यक्षात ते जेमतेम एका माणसाच्या आयुष्याएवढे जुने आहे, त्याचे पुरावे तकलादू आहेत, आणि ज्यांचे वर्ष आधीच कष्टाचे गेले त्यांच्या माथी ते अपराधाची भावना मारते. म्हणूनच त्याचे खंडन आवश्यक आहे.

आधी त्याचा उगम पाहावा. आकडा आणि मुदत यांचा आग्रह ज्या सूत्राच्या नावाने धरला जातो ते 'स्मार्ट' ध्येयांचे सूत्र जॉर्ज डोरन या अमेरिकन सल्लागाराने नोव्हेंबर १९८१ मध्ये 'मॅनेजमेंट रिव्ह्यू' या व्यवस्थापनविषयक नियतकालिकातील एका छोट्या लेखात मांडले. डोरन हे त्यापूर्वी स्पोकेन येथील एका वीज कंपनीत नियोजनाचे काम पाहत होते. त्या इंग्रजी शब्दाची पाच अक्षरे पाच अटी सांगतात: उद्दिष्ट नेमके असावे, मोजता यावे, कोणी पार पाडायचे हे नेमून देता यावे, वास्तवाला धरून असावे आणि त्याला मुदत असावी. यातील तिसरी अट सर्वांत बोलकी आहे, कारण काम नेमून देण्यासाठी एक वरिष्ठ आणि एक कनिष्ठ लागतो, म्हणजेच हे सूत्र मुळात कार्यालयातील खातेप्रमुखांसाठी होते. पुढे लोकप्रिय पुस्तकांनी ही अट गाळून तिच्या जागी 'साध्य होण्याजोगे' असा अर्थ बसवला आणि सूत्र घरात आणले. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की प्रत्येक उद्दिष्टाने पाचही अटी पूर्ण केल्याच पाहिजेत असे खुद्द डोरन यांनी म्हटलेले नाही. काही कामांत आकड्याचा आग्रह अवास्तव ठरतो आणि आकडा मिळवण्याच्या नादात अधिक व्यापक उद्दिष्टाचा लाभ गमवावा लागतो, असा इशारा त्यांनी त्याच लेखात दिला आहे. मूळ लेखकाने व्यवस्थापकांनाही जी मोकळीक दिली ती एखाद्या गृहिणीला, निवृत्त शिक्षकाला किंवा बारा वर्षांच्या मुलाला नाकारण्याचा अधिकार कार्यशाळांना कोणी दिला?

डोरन यांच्या आधी १९५४ मध्ये पीटर ड्रकर यांनी 'द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट' या ग्रंथात लक्ष्याधिष्ठित व्यवस्थापनाची, म्हणजे प्रत्येक व्यवस्थापकाचे काम ठरलेल्या उद्दिष्टांच्या कसोटीवर तपासण्याची, कल्पना मांडली होती. तिला उद्योगजगतातही निर्विवाद मान्यता मिळालेली नाही. जपानी कारखान्यांना गुणवत्तेचे धडे देणारे डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांनी १९८६ च्या 'आउट ऑफ द क्रायसिस' या ग्रंथात आकडेवारीचे लक्ष्यांक आणि त्यांवर चालणारे व्यवस्थापन काढून टाकावे असे स्पष्ट सांगितले, कारण त्यांच्या मते कामाचे फळ बहुतांशी व्यवस्थेवर अवलंबून असते आणि एकेकट्या माणसाला आकडा बांधून दिल्याने ती व्यवस्था सुधारत नाही. कारखान्यातच जे वादग्रस्त आहे ते घराघरांत शिरताना मात्र निर्विवाद सत्य म्हणून शिरले आहे.

आता पुराव्यांकडे वळावे. लेखी ध्येयांच्या बाजूने सर्वांत अधिक सांगितली जाणारी कथा अमेरिकेतील येल विद्यापीठाची आहे: १९५३ च्या पदवीधरांपैकी फक्त ३ टक्क्यांनी आपली ध्येये लिहून ठेवली होती आणि वीस वर्षांनी त्या ३ टक्क्यांची संपत्ती उरलेल्या ९७ टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीहून अधिक भरली. मराठीतील प्रेरणादायी पुस्तकांत आणि व्याख्यानांतही ही कथा सर्रास आढळते. असा अभ्यास कधी झालाच नाही. १९९६ मध्ये 'फास्ट कंपनी' या नियतकालिकाने तिचा माग काढला तेव्हा ती सांगणाऱ्या एकाही वक्त्याला मूळ दाखवता आले नाही, आणि येल विद्यापीठालाही आपल्या दफ्तरात असा अभ्यास सापडला नाही. ज्या मताचा मुख्य साक्षीदारच अस्तित्वात नाही, त्याने इतरांकडे पुराव्याची मागणी कोणत्या तोंडाने करावी?

खरे संशोधनही आहे, आणि ते गंभीर आहे. एडविन लॉक आणि गॅरी लेथम या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की 'जमेल तेवढे करा' या सूचनेपेक्षा नेमके आणि अवघड लक्ष्य दिल्यास काम अधिक होते. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या परंपरेतील एका गाजलेल्या अभ्यासात लाकूडतोड कामगारांचे ट्रक कायदेशीर वजनमर्यादेच्या सुमारे ६० टक्केच भरत असत. ९४ टक्क्यांचे लक्ष्य दिल्यावर भार ९० टक्क्यांच्या आसपास पोहोचला. हा निष्कर्ष मान्य करण्यात काहीच अडचण नाही, कारण ट्रकमध्ये ओंडके भरण्याचे काम कामगाराला आधीच येत होते, त्याचे फळ वजनकाट्यावर दिसत होते आणि चांगला भार म्हणजे काय याविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती. परंतु जे काम अजून शिकायचे आहे त्याचे काय? कॅन्फर आणि अ‍ॅकरमन यांनी १९८९ मध्ये विमानवाहतूक नियंत्रणाचे कृत्रिम काम प्रशिक्षणार्थींना दिले तेव्हा शिकण्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात नेमके, अवघड लक्ष्य मिळालेल्यांची कामगिरी उलट घसरली, कारण काम समजून घेण्यासाठी लागणारे लक्ष आकडा गाठण्यात खर्च झाले. ज्या गोष्टींसाठी माणसे खरोखर संकल्प करतात, म्हणजे मुलाशी संयमाने बोलणे, दु:खातून सावरणे, म्हातारपणाशी जुळवून घेणे, नवी विद्या शिकणे, त्यांतील एक तरी ट्रक भरण्यासारखी आहे काय? स्वीडनमध्ये १,०६६ लोकांच्या नववर्ष संकल्पांचा वर्षभर मागोवा घेणारा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला कोणतेच साहाय्य नव्हते, दुसऱ्याला थोडे होते, आणि तिसऱ्याला 'स्मार्ट' पद्धतीने ध्येय ठरवण्याच्या आणि मधले टप्पे आखण्याच्या मार्गदर्शनासह भरपूर साहाय्य होते. सर्वाधिक यश थोडे साहाय्य मिळालेल्या गटाला आले. काहीतरी टाळण्याच्या संकल्पांपेक्षा काहीतरी करण्याचे संकल्प अधिक टिकले, हेही त्याच अभ्यासातून दिसले. म्हणजे संकल्प निष्फळ असतात असे मुळीच नाही. तक्त्याने त्यांचे बळ वाढते हा दावा मात्र तेथे टिकला नाही.

खंडाच्या भीतीला तर आधारच नाही. एकवीस दिवसांत सवय लागते हा समज मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातील रुग्णनिरीक्षणावरून पसरला. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात हा काळ १८ ते २५४ दिवस इतका वेगवेगळा निघाला, आणि एखाद्या दिवशी खंड पडल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेवर लक्षणीय परिणाम झाला नाही.

पुरावे तोकडे असणे हा या मताचा लहान दोष आहे. मोठा दोष असा, की मोजण्याचा आग्रह धरला की मापच हेतूची जागा घेते. रोज दहा हजार पावले चालण्याचा दंडक आज कोट्यवधी लोकांच्या मनगटावर बसला आहे, आणि तो संध्याकाळी पुरा झाला नाही तर लोक घरातल्या घरात येरझारा घालतात. हा आकडा कोणत्याही वैद्यकीय संशोधनातून आलेला नव्हता. १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावले मोजणारे यंत्र, या उपकरणाच्या नावातून तो रूढ झाला. सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ अमेरिकन स्त्रियांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की दिवसाला सुमारे ४,४०० पावलांपासूनच मृत्यूचे प्रमाण कमी झालेले दिसते आणि सुमारे ७,५०० पावलांपुढे त्यात आणखी फरक पडत नाही. किती वृद्ध स्त्रिया पाच हजार पावले चालून दिवसाअखेर स्वत:ला नापास ठरवत असतील, आणि तेही एका विक्रीच्या नावापायी?

भारताने या आग्रहाचे भयंकर रूपही पाहिले आहे. कुटुंबनियोजनाच्या कार्यक्रमात शस्त्रक्रियांचे लक्ष्यांक ठरवून दिले गेले आणि आणीबाणीच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. शिक्षकांसारख्या कर्मचाऱ्यांनाही 'केसेस' आणण्याचे आकडे बांधून देण्यात आले आणि माणसांची भरती आकड्यात होऊ लागली. स्त्रीचे आरोग्य आणि कुटुंबाचे सुख हा हेतू केव्हाच मागे पडला. आणीबाणी संपल्यावरही लक्ष्यांक चालूच राहिले. ते अधिकृतपणे मागे घेण्यास एप्रिल १९९६ उजाडावे लागले. स्वत:वर लादलेल्या आकड्याने कोणावर बळजबरी होत नाही असे कोणी म्हणेल. पण आकड्यासाठी हेतू विकण्याची प्रक्रिया दोन्हीकडे तीच आहे. पन्नास पुस्तके वाचण्याचे ठरवणारा वाचक नोव्हेंबरात पातळ पुस्तके निवडू लागतो, आणि त्याचा तक्ता भरतो.

तथापि या मताचा सर्वांत अन्यायकारक भाग आहे तो सबबींविषयीचा. वर्ष हे सर्वस्वी ज्याच्या त्याच्या हातात असते असे गृहीत धरल्याखेरीज 'कारणे सांगू नका' हे वाक्य उच्चारताच येत नाही, आणि हे गृहीतक महाराष्ट्रातील बहुसंख्य माणसांच्या बाबतीत धडधडीत खोटे आहे. मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकरी जूनमध्ये सोयाबीन पेरतो, पाऊस ओढ देतो तेव्हा कर्ज काढून दुबार पेरणी करतो, आणि काढणीच्या तोंडावर परतीच्या पावसाने शेंगांना कोंब फुटलेले पाहतो; हेक्टरी क्विंटलचा आकडा चुकला तो त्याच्या शिस्तीमुळे काय? सालगड्याचे वर्ष गुढीपाडव्याला ठरते, पण ते मालकाच्या कामासाठी. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून पती-पत्नीची जोडी, जिला 'कोयता' म्हणतात, मुकादमाकडून उचल घेऊन साखर कारखान्याच्या फडावर जाते. तिचे हंगामातील सगळे श्रम टनांत मोजले जातात आणि उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामावर बोजा चढतो. ज्यांचे वर्ष आधीच दुसऱ्याने मोजून घेतले आहे त्यांच्यासमोर मोजमापाची थोरवी गाण्यात कोणता विवेक आहे?

मध्यमवर्गीय घरातही चित्र वेगळे नाही. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचे वर्षभर सारे करणारी सून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलते, त्यांच्या पाठीला जखमा होऊ देत नाही, त्यांच्या चिडचिडीला उलट उत्तर देत नाही, आणि त्यातच नोकरी व मुलांची शाळा सांभाळते. डिसेंबरात तिच्यासमोर तक्ता ठेवला तर त्यात ती काय भरणार? न झालेल्या जखमेला रकाना नसतो. गिळलेल्या शब्दाला नसतो. अर्धवट राहिलेला अभ्यासक्रम, न उतरलेले वजन आणि न झालेली सहल मात्र ठळक दिसतात. ज्या पद्धतीने पाहिले असता तिचे वर्ष रिकामे दिसते, ती पद्धत आंधळी आहे, आणि तिच्या आधारे या स्त्रीला आत्मपरीक्षण करायला लावणे ही क्रूरता आहे.

येथे गोपाळ कृष्ण गोखले यांचे उदाहरण सविस्तर पाहणे आवश्यक आहे, कारण वर्षाचा विचार करण्याची दुसरी रीत महाराष्ट्राला ठाऊक होती हे त्यावरून दिसते. १८९७ हे वर्ष गोखल्यांसाठी मानहानीचे होते. भारताच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते इंग्लंडला गेले आणि ती साक्ष उत्तम झाली. परंतु पुण्यातील प्लेगबंदोबस्ताच्या वेळी सैनिकांकडून स्त्रियांवर अत्याचार झाल्याचा आरोप त्यांनी तेथील वृत्तपत्रातून केला, परतल्यावर त्यासाठी पुरावा देण्यास कोणी पुढे आले नाही, आणि त्यांना जाहीर व बिनशर्त माफी मागावी लागली. त्यानंतर काही महिन्यांनी, ५ फेब्रुवारी १८९८ रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यांनी श्रीगुरुदत्तात्रेयांचे स्मरण करून आपले संकल्प लिहून ठेवले. योगाभ्यास नियमित करावा. इतिहास, तत्त्वज्ञान, खगोलशास्त्र, भूगर्भशास्त्र, मानसशास्त्र, फ्रेंच भाषा यांचे चांगले ज्ञान मिळवावे. मुंबई कायदेमंडळ, मध्यवर्ती कायदेमंडळ आणि ब्रिटिश संसद यांचे सदस्य होण्याचा प्रयत्न करावा आणि तेथे देशाचे हित साधावे. उच्च तत्त्वज्ञानात्मक धर्माचा प्रचार करावा, असे ते संकल्प होते.

या कागदावर एकही मुदत नाही, एकही आकडा नाही, आणि कार्यशाळेच्या भाषेत सांगायचे तर तो सपशेल अव्यवहार्य आहे. गोखले १८९९ मध्ये मुंबई कायदेमंडळावर निवडून गेले आणि १९०२ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात बसू लागले. ब्रिटिश संसदेत ते कधीच गेले नाहीत आणि धर्मप्रचारकही झाले नाहीत. मोठा भाग अपुरा राहिला म्हणून तो कागद फसला असे म्हणायचे काय? अपमानाच्या वर्षानंतर जो माणूस खचून न जाता इतका व्यापक अभ्यास आणि इतकी मोठी सेवा मनात धरू शकला, त्याला उभे राहण्यासाठी त्या संकल्पाने बळ दिले आणि दिशा दिली, हेच त्याचे काम होते. पुढे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे त्यांचे विधेयक मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. वार्षिक तक्त्यात ही नोंद 'असाध्य' अशी झाली असती. शिक्षणाच्या इतिहासात ते विधेयक पायाचा दगड मानले जाते.

गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी भारत सेवक समाज स्थापन केला तेव्हा सदस्यांना ज्या प्रतिज्ञा घ्याव्या लागत त्यांतही हीच दृष्टी होती. देशाचा विचार सर्वांत आधी करावा, सर्व भारतीयांना जात-धर्म न पाहता बंधू मानावे, वैयक्तिक भांडणात पडू नये, संस्था देईल त्या तुटपुंज्या तरतुदीवर समाधान मानावे, खासगी आयुष्य शुद्ध ठेवावे: यातील कशाला टक्केवारी लावता येईल? आणि १९१५ मध्ये आफ्रिकेतून परतलेल्या गांधींना त्यांनी घातलेली अट तर वार्षिक ध्येयाचा आदर्श म्हणून सांगावी अशी आहे: एक वर्ष देशभर हिंडावे, पाहावे, ऐकावे आणि सार्वजनिक प्रश्नांवर बोलू नये. गोखले त्याच वर्षी १९ फेब्रुवारीला वारले, तरीही गांधींनी शब्द पाळला. पुढच्या राजकारणाला लागणारी देशाची ओळख त्या मौनाच्या वर्षात झाली, आणि त्या वर्षाचे फलित मोजून दाखवण्याची मागणी कोणी केली असती तर दाखवण्यासारखे फारसे काही निघाले नसते.

यावर आक्षेप घेतला जातो तो असा, की आकडा नसेल तर माणूस स्वत:ची फसवणूक करतो. रक्तातील साखर, फेडायचे कर्ज, शिलकीत टाकायची रक्कम अशा बाबतींत आकडा हाच विषय असतो आणि तेथे तो मोजलाच पाहिजे. याहून अधिक या आक्षेपाला मान्य करण्याचे कारण नाही. फसवणूक आकड्यानेही तितक्याच सहज होते, आणि आकड्याच्या पाठीशी लपलेली फसवणूक ओळखणे अधिक कठीण असते. वैयक्तिक भांडणात न पडण्याची प्रतिज्ञा मोजता येत नसली तरी ती पाळली की मोडली हे घरातल्यांना आणि सहकाऱ्यांना नेमके माहीत असते. भारत सेवक समाजात नव्या सदस्याला पाच वर्षे इतरांच्या नजरेखाली राहून शिकावे लागे. साक्षीदारांसमोर जगलेल्या संकल्पाची परीक्षा तक्त्यातील खुणेपेक्षा सोपी असते असे ज्यांना वाटते, त्यांनी आपल्या पत्नीला, पतीला किंवा मुलांना एकदा विचारून पाहावे, की गेल्या वर्षी आपण त्यांच्याशी कसे वागलो.

वर्षाचे परीक्षण व्हायलाच हवे, आणि ते आजच्यापेक्षा अधिक कठोर व्हायला हवे. आपल्यावर काय कोसळले, त्यात आपण कसे वागलो, कोणाच्या आधाराने निभावले, कोणाचे नुकसान केले, काय समजले, हे पूर्ण वाक्यांत लिहून काढणे दहा रकाने भरण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, कारण त्यात परिस्थितीचा वाटा आणि स्वत:चा वाटा वेगळा करावा लागतो आणि ते काम कोणतेही कोष्टक करून देत नाही. त्यातून जे संकल्प निघतील ते मोठे असावेत, वर्षात न मावणारे असावेत, आणि अपुरे राहिले तर पुढच्या वर्षी लाज न बाळगता पुन्हा हाती घ्यावेत. कंपन्यांनी आपले लक्ष्यांक आपल्या कचेरीत ठेवावेत. शाळांनी मुलांकडून ध्येयांचे तक्ते भरून घेणे या वर्षापासून बंद करावे, आणि पालकांनी तशी मागणी लेखी करावी.